दोन जिभा, एकच आकडा

तपासनीसांचा नेमका कशावर विश्वास होता, हे सांगणं अवघड आहे. कशावर नव्हता, हे सांगायला बसलो तर संध्याकाळ होईल. सकाळी दुधाची पिशवी आली की ते ती तळहातावर तोलून बघत. भिंतीवरचं घड्याळ खरं की मनगटावरचं, याचा निकाल लावायला त्यांनी तिसरं घड्याळ आणलं होतं आणि आता त्यांचा तिन्हींवर संशय होता. स्वतःच्या वाढदिवसाला बायकोने भेट दिली, तर आधी "का?" असं विचारणारा माणूस.

यात त्यांचा फारसा दोष नव्हता. नोकरीच तशी होती. लोकांच्या घरी जाऊन विजेचे मीटर तपासायचे आणि त्यात कुणी हात घातलाय का ते हुडकायचं, हे काम ते ऐन जवानीपासून करत आले होते. पण मीटर उघडण्याआधीच त्यांना चोर कळायचा. तो कळायचा आकड्यांवरून. खऱ्या घराचा वापर वेडावाकडा असतो, असं ते सांगत. कधी पाहुणे येतात, कधी पंखा बिघडतो, कधी पोरगं दिवा चालू ठेवून झोपतं. ज्या घराचा आकडा दर महिन्याला शहाण्या मुलासारखा सरळ चालतो, त्या घरात नक्की काहीतरी शिजतंय. "खोटा आकडा फार गुळगुळीत असतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. ऑफिसातले लोक ते त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवत. तपासनीसांना त्याचाही संशय होता.

अशा या माणसाच्या संशयातून सुटलेला जगात एकच माणूस होता. तो म्हणजे उस्ताद. उस्तादांचं चौकात केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, तीन आरसे आणि एक कुरकुरणारा पंखा. शाळेत दोघे एका बाकावर बसलेले. तेव्हापासून तपासनीसांनी उस्तादांकडे कधी तिरक्या नजरेने पाहिलं नव्हतं. दाढी करताना ते उस्तादांच्या वस्तऱ्याखाली चक्क डोळे मिटून घोरत. तपासनीसांची बायको म्हणायची, "माझ्या हातचा चहा हुंगून पितात आणि त्यांच्या हातात गळा देतात!"

तर या दोघांचा छंद होता बिअरला गुण देण्याचा.

पिण्याचा म्हणत नाही, गुण देण्याचा. पिण्यात काय, कुणीही पितं. तपासनीस पूर्वी वर्षानुवर्षं एकच बिअर पीत असत. एकदा त्यांना वाटलं की या बाटलीची चव मागच्या बाटलीसारखी नाही. दुसऱ्या कुणी घोट घेऊन विषय सोडला असता. यांनी मागची चव कशी होती ते आठवून लिहून काढलं. मग पुढची लिहिली. मग शेजारच्या कंपनीची आणून ताडून पाहिली. बघता बघता रंग, फेस, वास, कडूपणा आणि घोट गिळल्यावर जिभेवर मागे उरणारी चव अशी पाच खाती उघडली गेली. शेवटी सगळ्यांचा मिळून दहापैकी एक आकडा. आणि एकट्याच्या जिभेवर विसंबायचं नाही, म्हणून दुसरी जीभ उस्तादांची.

बैठक दर शनिवारी संध्याकाळी, जेवणाच्या टेबलावर. नियम कडक. बायकोने स्वयंपाकघरात तीन बिअर सारख्या ग्लासांत ओतायच्या आणि बुडाला आकड्याची चिकटपट्टी लावून आणायच्या. कुठल्या ग्लासात काय, हे फक्त तिला ठाऊक. दोघांनी समोरासमोर बसायचं. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, हुंकारसुद्धा नाही. मधे पावाचा कोरडा तुकडा आणि पाणी. आपापला आकडा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी घालायची आणि शेवटी दोघांनी एकदम उलटायची. सुरुवातीला तपासनीसांचा मेव्हणाही तिसरी जीभ म्हणून बसायचा. पण तो एकदा बडीशेप चघळत आला. तपासनीसांनी तिथल्या तिथे त्याला काढून टाकलं आणि त्याने तोवर दिलेले सगळे गुणही पुसले. मेव्हणा आजतागायत बहिणीकडे आला की दारातूनच तोंड उघडून दाखवतो.

आकड्यांचा आलेख काढायचं काम मुलीचं. ती विमा कंपनीत होती, तिला असल्या रेषांची सवय. महिन्यातून एकदा ती लॅपटॉप उघडून बाबांना त्यांच्या जिभेची प्रगती दाखवायची. बाबांची रेष निळी, उस्तादकाकांची लाल.

त्या दिवशी ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "बाबा, लाल रेष गेली कुठे?"

"म्हणजे?"

"हे बघा ना. मागच्या वर्षी काका तुमच्या वर-खाली व्हायचे. तुम्हाला काळी बिअर आवडायची, ते नाक मुरडायचे. आता त्यांची रेष तुमच्या रेषेखाली जाऊन झोपलीय. तुम्ही साडेसात, ते साडेसात. तुम्ही तीन, ते साडेतीन."

"असं होय. तयार झाली असेल त्याची जीभ," तपासनीस म्हणाले.

"तुमच्याइतकीच? तुमच्यासारखीच? एकदम?" मुलगी हसली. "तुम्हीच म्हणता ना, खोटा आकडा गुळगुळीत असतो?"

ती थट्टेत बोलली आणि लॅपटॉप मिटून निघून गेली. तपासनीसांच्या मनात मात्र पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली म्हणजे ती पाल त्यांच्याकडे मुक्कामालाच येई. पण उस्तादांवर संशय? त्यांनी तो विचार जिभेवरच्या खड्यासारखा बाजूला केला. उस्तादांवर संशय घ्यायचा, तर मग उरलं कोण? झोपताना डोळे तरी कुणाच्या भरवशावर मिटायचे?

म्हणून त्यांनी आधी बायकोवर संशय घेतला.

पुढच्या शनिवारी ती बिअर ओतत असताना हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"काय हवंय?"

"काही नाही. चालू दे तुझं."

"अहो, लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी पोळी लाटताना असं बघत उभे राहिला नाहीत!"

"तू उस्तादला काही सांगत नाहीस ना? खुणेने वगैरे?"

बायकोने बाटली खाली ठेवली. "सांगते ना. रोज सांगते. म्हणते, भावजी, तुम्हीच यांना घेऊन जा, दुकानात तिसऱ्या खुर्चीच्या जागी बसवा." मग ग्लास उचलत म्हणाली, "मला या तिन्हींमधला फरक कळत असता, तर मी तुमचं सोंग चालू दिलं असतं का?"

बायको सुटली. मग तपासनीसांची नजर गेली काचेच्या कपाटावर. ते त्यांच्या खुर्चीच्या बरोबर मागे होतं. त्यात बघून उस्तादांना आपली चिठ्ठी उलटी वाचता येत असणार! त्यांनी मेव्हण्याला बोलावून कपाट दुसऱ्या भिंतीला हलवलं. मेव्हण्याने कंबर धरत विचारलं, "भावोजी, माझं काही चुकलं का पुन्हा?" शनिवारी गुण उघडले. तपासनीस सहा, उस्ताद सहा. त्यांनी पेन्सिलीचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून पंखा मोठा केला. आठ आणि आठ. लिहिताना हाताची हालचाल दिसू नये म्हणून टेबलाखाली मांडीवर चिठ्ठी धरली. साडेचार आणि साडेचार. वर उस्ताद निरागसपणे म्हणतात कसे, "लेका, खाजतंय का काही? दुकानात ये, पावडर देतो."

आता मात्र तपासनीसांचं जेवण सुटलं. मीटरचोर पकडताना त्यांना जी शीळ घालावीशी वाटे, ती वाटेना. इथे चोर सापडला तर आपलंच काहीतरी चोरीला जाणार, हे त्यांना दिसत होतं.

केस फार वाढले नव्हते, तरी ते दुकानात गेले. आधीच्या गिऱ्हाइकाचं चाललं होतं, म्हणून बाकावर बसून वर्तमानपत्राआडून बघू लागले. उस्तादांनी काम संपवून मागे आरसा धरला.

"छान झालेत," गिऱ्हाईक म्हणालं.

"कानावर जास्त उडालेत असं वाटतंय ना?" उस्ताद म्हणाले.

"नाही हो, छान आहेत."

"डावी भुवई वर गेली तुमची. पुढच्या वेळी ठेवू थोडे. नवीन नोकरी लागली वाटतं?"

गिऱ्हाईक खुर्चीतच वळलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. आल्यापासून हनुवटी वर ठेवून बसलाय. मागच्या वेळी ती छातीला टेकली होती." असं म्हणत उस्तादांनी बाटलीतलं सुगंधी पाणी त्याच्या मानेवर असं ओतलं की बाकावरच्या तपासनीसांना दोन शिंका आल्या. गिऱ्हाईक डोळे पुसत बाहेर पडलं. उस्तादांना काही झालं नाही. हा एवढा मारा कशाला, असा एक संशय तपासनीसांच्या मनात येऊन गेला, पण त्याला बसायला जागा नव्हती. मोठा संशय आधीच खुर्ची अडवून बसला होता.

चेहरा! आपण तोंडाला कुलूप लावलं, चिठ्ठी झाकली, कपाट हलवलं, आणि चेहरा तसाच उघडा टाकला. आणि बसवला कुणासमोर, तर जो माणूस हयातभर आरशात दुसऱ्यांची तोंडं वाचत आला त्याच्यासमोर.

खुर्चीत बसल्यावर आयुष्यात पहिल्यांदाच तपासनीसांनी वस्तऱ्याखाली डोळे उघडे ठेवले. उस्तादांचा हात क्षणभर थांबला.

मग तयारी सुरू झाली. तपासनीस न्हाणीघरातल्या आरशासमोर उभे राहून साखर तोंडात टाकत आणि एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करत. मग कारल्याचा तुकडा चघळत आणि जावई पसंत पडल्यासारखं हसत. पहिल्या दिवशी बायकोने दार वाजवलं. "अहो, दाढ दुखतेय का?" दुसऱ्या दिवशी तिने मुलीला फोन केला, "बाबांचं तोंड वाकडं होतंय गं, डॉक्टरांना विचारू का?" तपासनीसांनी सांगितलं की हा चेहऱ्याच्या स्नायूंचा व्यायाम आहे. बायको म्हणाली, "होय का? मग जरा हसण्याच्या स्नायूचाही करा. गंजलाय तो."

शनिवार आला. पहिला ग्लास उचलला आणि नाकाशी नेताच तपासनीसांनी ओळखलं. ही त्यांची लाडकी, काळी, जाड फेसाची. तक्त्यात कायम वरच्या पायरीवर. त्यांनी घोट घेतला आणि सगळं कसब पणाला लावून तोंड कसनुसं केलं. नाकपुड्या फेंदारल्या, एक डोळा बारीक केला. वर अंगावर काटा आल्यासारखे खांदे उडवले. नियमात खांद्यांबद्दल काही नव्हतं. मग चिठ्ठीवर नऊ लिहिले. दुसऱ्या ग्लासात आंबूस, शिळ्या पाण्यासारखं काहीतरी होतं. ते गिळून तपासनीसांनी डोळे मिटले, मान हलवली आणि स्वर्गातून परत यायला नको असल्यासारखा बिनआवाजी सुस्कारा सोडला. चिठ्ठीवर दोन. तिसऱ्याचं काय केलं ते त्यांना नंतर आठवेना. मनातल्या मनात ते म्हणत होते, चुकू दे. माझा संशय एकदा, फक्त एकदा चुकू दे.

चिठ्ठ्या उलटल्या. तपासनीस नऊ, उस्ताद दोन. तपासनीस दोन, उस्ताद नऊ.

बायको दारात उभी होती, ती हळूच आत निघून गेली.

"उस्ताद," तपासनीस म्हणाले. "तू माझं तोंड बघून गुण देतोस."

"हो," उस्ताद म्हणाले.

त्यांनी निदान कांगावा करायला हवा होता. मीटरचोर करतात, देवाच्या शपथा घेतात. हे नुसतं "हो" तपासनीसांना झेपलं नाही. "कधीपासून? का पण? एवढं आवडत नव्हतं तर सांगायचंस की लेका! मला मूर्ख बनवत होतास?"

"मला वास येत नाही," उस्ताद म्हणाले. "मागच्या वर्षाच्या शेवटी तो ताप आला होता ना मला, त्यानंतर गेला. तो काही परत आला नाही. जीभ कडू सांगते, गार सांगते, बस. बाकी या तिन्ही ग्लासांत माझ्यासाठी एकच बिअर आहे."

तपासनीसांना दुकानातल्या त्या दोन शिंका आठवल्या. "मग बोलला का नाहीस?"

"मीटर बंद पडला की तू काय करतोस?"

"म्हणजे?"

"सांग ना. तुझंच काम आहे."

"काढतो," तपासनीस म्हणाले, "आणि दुसरा..."

"बडीशेपेसाठी तू सख्ख्या मेव्हण्याला उठवलंस. मी तर नाकच हरवून बसलो होतो." उस्ताद उठले. चपला घालताना म्हणाले, "आणि एक सांगतो. आजची तोंडं फार वाईट केलीस. इतकं खोटं तोंड माझ्या दुकानात पोरंटोरंसुद्धा करत नाहीत. पहिल्या घोटालाच कळलं मला, सापळा लावलायस ते."

"कळलं? मग तसे गुण का दिलेस?"

"कंटाळलो होतो," उस्ताद म्हणाले आणि जिना उतरून गेले.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. बायकोने सवयीने तीन बाटल्या काढल्या, मग न विचारताच परत ठेवल्या. मुलगी म्हणाली, "बाबा, काकांचे ताप आल्यानंतरचे गुण काढून टाकते, म्हणजे आकडेवारी शुद्ध होईल." तपासनीस म्हणाले, "थांब जरा." हे ऐकून मुलीने आईकडे पाहिलं, आईने मुलीकडे. अशुद्ध आकडा घरात राहू द्या, असं या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

मग तपासनीस उठले, काळ्या बिअरची बाटली पिशवीत घातली, दोन ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळले आणि चौकात आले. उस्ताद दुकान झाडत होते. तपासनीसांनी आत शिरून शटर अर्धं खाली ओढलं.

"आज दाढी नाही," उस्ताद म्हणाले.

"दाढीला आलोय कुठे? बस."

दोघे गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांवर बसले. समोर आरसे, त्यामुळे बघायचं नाही म्हटलं तरी एकमेकांची तोंडं दिसत होती. तपासनीसांनी ओतली, घोट घेतला.

"साडेआठ," ते म्हणाले.

"तो आकडा मला कशाला? साडेआठचा वास येतो का मला?" उस्तादांनी आपला घोट घेतला. "कडू. गार. तुला काय लागतंय ते सांग."

"चांगली लागतेय."

उस्तादांनी कपाटावरचा पेन्सिलीचा तुकडा उचलला, कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि पुढे सरकवलं. दहापैकी दोन.

"दोन? या बिअरला दोन?"

"बिअरला नाही, तुझ्या सांगण्याला. चांगलं आहे, चांगलं आहे, हे मी दिवसभर गिऱ्हाइकांकडून ऐकतो."

तपासनीस चिडले. इतकी वर्षं ते गुण देत आले होते, त्यांना गुण द्यायची हिंमत शाळा सुटल्यापासून कुणी केली नव्हती. त्यांनी पुन्हा घोट घेतला, तोंडात घोळवला. आकडे लगेच आले, रांगेने उभे राहिले. शब्द एक येईना.

"पावाची कड असते ना," ते शेवटी म्हणाले. "भाजलेली. जळायच्या जरा आधीची."

"हं."

"आणि... नवी पेन्सिल तासल्यावर टोकाला येतो तो वास. म्हणजे लाकूड. पण ओलं नाही. आणि गिळल्यावर मागे कॉफीचा कप धुवायचा राहिलाय असं काहीतरी."

उस्तादांनी डोळे मिटले होते. ग्लास नाकाशी नेला होता, उगाचच. मग चिटोऱ्यावर लिहिलं, सहा.

"सहाच?"

"कॉफीच्या कपाचे आहेत चार. बाकी पेन्सिल वगैरे वाढवून सांगतोयस असं वाटतं."

"वाढवून? मी? अरे, हुंगून बघ..." म्हणता म्हणता तपासनीसांनी जीभ चावली. उस्ताद मात्र इतक्या मोठ्याने हसले की शटरखालून एक रस्त्यावरचा माणूस वाकून आत बघून गेला.

शनिवार पुन्हा सुरू झाले. मुलीने तक्त्यात नवीन खातं उघडलं. निळी रेष बाबांनी बिअरला दिलेल्या गुणांची, लाल रेष काकांनी बाबांच्या वर्णनाला दिलेल्या गुणांची. बायको आता ओतून झालं की खुर्ची ओढून ऐकायला बसते. "ओल्या गोणपाटासारखी" हे तिला फार आवडलं होतं. लाल रेष हळूहळू वर चढू लागली. सहा, साडेसहा, सात.

आणि तपासनीसांच्या मनात पाल चुकचुकली. सात? फार सरळ चढतेय ही रेष. गुळगुळीत. वास न येणारा माणूस दोस्ताचं मन राखायला गुण वाढवत तर नसेल? दया तर करत नसेल?

मग एका शनिवारी त्यांनी एका उत्तम, सोनेरी, मधासारख्या वासाच्या बिअरचा घोट घेतला आणि अगदी साध्या चेहऱ्याने सांगितलं, "ही पाण्यासारखी पातळ आणि छान आहे. पावसाळ्यात प्यावी अशी. किंवा उन्हाळ्यात."

उस्तादांनी चिठ्ठी लिहिली आणि उलटली. तिच्यावर एक भलंमोठं शून्य होतं, दोनदा गिरवलेलं.

"शून्य?" तपासनीसांनी विचारलं.

"त्याच्या खाली आकडा असता तर तो दिला असता," उस्ताद म्हणाले. "लाज वाटत नाही असलं काही सांगायला?"

तपासनीसांनी ती चिठ्ठी उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासली. मग खुर्चीत मागे रेलले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"अहो, झोपलात की काय?" बायकोने विचारलं.

"नाही," तपासनीस म्हणाले. "ओत पुढची."